मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा आणि डेंड्रायटिक पेशींची लस : तत्त्व, चाचण्या व आकड्यांचे वाचन

लस म्हटली की देवी, पोलिओ, गोवर, घटसर्प अशी नावे डोळ्यांसमोर येतात. रोग होण्यापूर्वी निरोगी माणसाला टोचावयाची वस्तू म्हणजे लस, असा अर्थ शालेय पुस्तकांनी रूढ केला आहे. तेव्हा कर्करोग झालेल्या माणसाला लस देतात हे वाक्य वर्गात उच्चारताच विद्यार्थी गोंधळतात, आणि त्यांचा गोंधळ रास्त आहे. तो दूर करण्यास १८८५ मधील पाश्चरचा प्रयोग उपयोगी पडतो. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलाला पाश्चरने लस दिली ती चावा घेतल्यानंतर. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचण्यास वेळ घेतो. तेवढ्या अवधीत शरीराला त्या विषाणूची ओळख करून द्यावयाची, हे त्या लसीचे तत्त्व होय. रोग आत शिरला आहे, परंतु शरीराच्या संरक्षक पेशींना त्याची खबर नाही. ही खबर बाहेरून पुरवणे म्हणजे उपचारात्मक लस. कर्करोगाच्या बाबतीत मात्र एक मोठी अडचण उभी राहते. तेथे शत्रू बाहेरून आलेला नसतो, तो रुग्णाच्या स्वतःच्याच पेशींतून निपजलेला असतो.

या लसींचा सर्वांत दीर्घकाळ चाललेला प्रयोग मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या गाठीवर झाला. ग्लायोब्लास्टोमा ही चेतापेशींची गाठ नव्हे. चेतापेशींना आधार व पोषण देणाऱ्या ज्या ग्लायल पेशी असतात, त्यांच्या वंशातील ही गाठ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिला चौथी, म्हणजे सर्वांत वरची श्रेणी दिली जाते. अमेरिकेत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ३ व्यक्तींना ही गाठ होते. रोग विरळ आहे, पण मेंदूच्या घातक गाठींमध्ये प्रौढांत हीच सर्वाधिक आढळते. बेली आणि कुशिंग यांनी १९२६ मध्ये मेंदूच्या गाठींचे जे वर्गीकरण केले, त्याच्या परंपरेत या गाठीला बराच काळ ‘मल्टिफॉर्म’ म्हणजे बहुरूपी हे विशेषण लावले जाई. विशेषण आता वगळले गेले असले तरी ते चपखल होते. एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांतील पेशी परस्परांशी जुळत नाहीत, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे अनेक उपचार नेमके याच ठिकाणी अडखळले.

शस्त्रक्रियेने गाठ काढून टाकली तर प्रश्न का मिटत नाही, असे विद्यार्थी हमखास विचारतात. जॉन्स हॉपकिन्स येथील शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९२८ मध्ये ग्लायोमाच्या काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धगोल संपूर्ण काढून टाकल्याचे प्रसिद्ध केले. इतके करूनही रोग उलटला. दिसणारी गाठ ही वडाच्या बुंध्यासारखी असते. मुळे निरोगी भासणाऱ्या भागात दूरवर गेलेली असतात, आणि मेंदूत बोट-दोन बोट जास्तीचे कापून पाहू असे म्हणण्याची सोय नसते.

आजचा प्रमाणित उपचार २००५ मध्ये स्थिर झाला. स्टुप व सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवर केलेल्या चाचणीत केवळ किरणोपचार घेतलेल्यांचे मध्यक आयुर्मान १२.१ महिने, तर किरणोपचारासोबत टेमोझोलोमाइड या गोळ्या घेतलेल्यांचे १४.६ महिने आढळले. दोन वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. येथे ‘मध्यक’ हा शब्द जपून वापरला आहे. मध्यक १४.६ महिने याचा अर्थ निम्मे रुग्ण त्याआधी गेले आणि निम्मे त्यानंतरही होते. सरासरी ही वेगळी गोष्ट आहे. हा भेद ज्या विद्यार्थ्याला उमगला त्याला या लेखाचा पुढील भाग कठीण वाटणार नाही.

वर्दी देणारी पेशी

पॉल लँगरहान्स हा बर्लिनमधील वैद्यकाचा विद्यार्थी. १८६८ मध्ये त्वचेचे काप सोन्याच्या क्षाराने रंगवून पाहताना त्याला फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्याने त्या मज्जासंस्थेच्या मानल्या, आणि हा समज शंभर वर्षे टिकून राहिला. १९७३ मध्ये न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन व झॅनव्हिल कोन यांना उंदराच्या प्लीहेत तशाच शाखायुक्त पेशी आढळल्या. ग्रीक भाषेत झाडाला ‘डेंड्रॉन’ म्हणतात, त्यावरून त्यांनी या पेशींना डेंड्रायटिक हे नाव दिले. या पेशी प्रतिकारसंस्थेच्या आहेत, इतकेच नव्हे तर संस्थेला जागे करणाऱ्या त्याच आहेत, हे पटवून देण्यात स्टाइनमन यांची पुढील अनेक वर्षे गेली.

या पेशीचे काम जुन्या गावगाड्यातील कोतवालासारखे आहे. कोतवाल गावभर फिरतो, काही वावगे दिसले की स्वतः मारामारी करीत नाही. चावडीवर जाऊन वर्दी देतो. डेंड्रायटिक पेशी त्वचेत, फुप्फुसात, आतड्यात पसरलेल्या असतात. जंतू अथवा मृत पेशींचे तुकडे त्या गिळतात, त्यांतील प्रथिनांचे बारीक अंश आपल्या पृष्ठभागावर मांडतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीकडे प्रवास करतात. ही ग्रंथी म्हणजे चावडी. तेथे टी-पेशींची ये-जा सतत चालू असते. ज्या टी-पेशीचा ग्राहक त्या अंशाशी जुळतो ती सक्रिय होते, तिच्या हजारो प्रती निर्माण होतात आणि त्या शरीरभर त्या अंशाचा शोध घेत फिरतात.

वर्दीत दोन गोष्टी असाव्या लागतात. ‘हा पाहा संशयित’ ही पहिली, आणि ‘याच्यापासून धोका आहे’ ही दुसरी. दुसरी गोष्ट नसेल तर टी-पेशी नुसती स्वस्थ बसत नाही. त्या अंशाला यापुढे आपला मानावयाचे असे ती शिकते. एरवी ही व्यवस्था फार मोलाची आहे, कारण तिच्यामुळे शरीर स्वतःवर हल्ला करीत नाही. कर्करोगाची गाठ मात्र याच सवलतीचा फायदा घेते. जंतूप्रमाणे ती धोक्याची घंटा वाजवीत नाही, उलट आसपासच्या डेंड्रायटिक पेशींना सुस्त ठेवणारी रसायने सोडते.

डेंड्रायटिक पेशींच्या लसीची कल्पना यातूनच आली. कोतवालाला गाठीच्या प्रभावाखालून बाहेर काढावयाचे, प्रयोगशाळेत संशयिताची ओळख पटवावयाची, धोक्याची सूचना त्याच्या कानी घालावयाची आणि मग त्याला शरीरात परत सोडावयाचे.

स्टाइनमन यांना २००७ मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. त्यांनी स्वतःच्या डेंड्रायटिक पेशींपासून तयार केलेले उपचारही स्वतःवर करवून घेतले. ३० सप्टेंबर २०११ रोजी ते निवर्तले आणि तीन दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, त्यांना वैद्यकातील नोबेल पारितोषिक जाहीर झाले. मरणोत्तर पारितोषिक न देण्याचा त्या संस्थेचा नियम आहे. पण निवड करणाऱ्यांना निधनाची वार्ताच नसल्यामुळे पारितोषिक कायम ठेवण्यात आले. हा रोग इतका आक्रमक की त्यात चार वर्षांहून अधिक काळ जगणे सामान्य नव्हे. ते श्रेय लसीचे की इतर उपचारांचे, हे एका माणसाच्या उदाहरणावरून कोणालाच सांगता येणार नाही. स्टाइनमन शास्त्रज्ञ होते, त्यांनाही ते ठाऊक असणारच.

लस तयार कशी होते

शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा हा या लसीचा कच्चा माल. नेहमीच्या पद्धतीने तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला तर निदानासाठी चालतो, लसीसाठी निकामी होतो, कारण फॉर्मॅलिनमुळे प्रथिने एकमेकांना जखडली जातात. म्हणून तो ताजा असतानाच गोठवावा लागतो. लस घेण्याचा विचार शस्त्रक्रियेनंतर सुचला तर बहुधा वेळ निघून गेलेली असते. त्यानंतर रुग्णाचे रक्त काही तास यंत्रातून फिरवून त्यातील श्वेतपेशी वेगळ्या काढतात व उरलेले रक्त परत देतात. या श्वेतपेशींतील मोनोसाइट नावाच्या पेशींना दोन वाढघटकांच्या सहवासात सुमारे आठवडाभर वाढविले की त्यांच्यापासून डेंड्रायटिक पेशी तयार होतात. गाठीचा तुकडा फोडून केलेला प्रथिनांचा अर्क त्यांना खाऊ घालतात. तयार लस द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवून ठेवतात आणि ठरलेल्या दिवशी दंडाच्या त्वचेत टोचतात. टोचण्याची जागा मेंदूपासून दूर असली तरी बिघडत नाही. कोतवालाला चावडी गाठावयाची आहे, गुन्ह्याची जागा नव्हे.

संपूर्ण अर्क वापरावा की एकच ठळक प्रथिन निवडावे, यावर दोन पंथ आहेत. एकाच प्रथिनाच्या पंथाला २०१६ मध्ये मोठा हादरा बसला. रिंडोपेपिमट ही डेंड्रायटिक पेशींची लस नव्हती, सरळ प्रथिनांशाची लस होती. काही ग्लायोब्लास्टोमांत आढळणाऱ्या एका बदललेल्या ग्राहकावर तिचा रोख होता. ७४५ रुग्णांच्या चाचणीत मुख्य गटातील मध्यक आयुर्मान लसीने २०.१ महिने व लसीविना २०.० महिने आले. गाठ उलटली तेव्हा अनेकांच्या गाठीतून तो ग्राहकच नाहीसा झालेला होता, आणि तोही दोन्ही गटांत. बहुरूपी हे जुने विशेषण येथे आठवावे.

रुग्णाच्या पेशींपासून केलेल्या लसींच्या कल्पनेला बळ मिळाले ते दुसऱ्या एका कर्करोगातून. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेने पुरःस्थ ग्रंथीच्या प्रगत कर्करोगासाठी सिप्युल्युसेल-टी या रुग्णाच्याच पेशींपासून केलेल्या लसीला मान्यता दिली. ५१२ रुग्णांच्या चाचणीत मध्यक आयुर्मान २१.७ वरून २५.८ महिन्यांवर गेले होते. तीन मात्रांची किंमत ९३,००० डॉलर ठेवण्यात आली. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून लस करता येते आणि ती औषध म्हणून मान्य होऊ शकते, एवढे यातून सिद्ध झाले. ती विकत कोण घेणार, हा प्रश्न मात्र त्याच दिवशी जन्माला आला.

डीसीव्हॅक्स-एलची चाचणी

ग्लायोब्लास्टोमावरील संपूर्ण अर्काच्या लसीचे नाव डीसीव्हॅक्स-एल. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मेंदूशल्यविशारद लिंडा लियाऊ यांच्या नेतृत्वाखाली या लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी झाली. ३३१ रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटले. २३२ जणांना लस व ९९ जणांना प्लासिबो, म्हणजे त्यांच्याच रक्तातील प्रक्रिया न केलेल्या पेशी. दोन्ही गटांना प्रमाणित उपचार मिळालाच. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नव्हते. येथपर्यंत रचना आदर्श म्हणावी अशी होती.

परंतु त्यात एक माणुसकीची तरतूद होती. गाठ पुन्हा वाढल्यास प्रत्येक रुग्णाला, तो कोणत्याही गटातील असो, लस मिळेल. मरणाशी झुंजणाऱ्या माणसाला पाण्यासारखी सुई टोचत राहावे आणि शेवटपर्यंत लस देऊ नये, असे रुग्णांना किंवा नातेवाइकांना सांगणे कठीणच होते. परिणाम असा की प्लासिबो गटातील ६४ जणांनी पुढे लस घेतली आणि एकूण रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के लसधारी झाले. आयुर्मानाची तुलना करण्यासाठी लस न घेतलेला गटच शिल्लक राहिला नाही.

मूळ आराखड्यात मुख्य निकष होता तो गाठ पुन्हा वाढेपर्यंतच्या काळाचा. त्या निकषावर लस उणी ठरली. लस गटात हा काळ ६.२ महिने आणि प्लासिबो गटात ७.६ महिने भरला. हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. यावर संशोधकांचे उत्तर असे की, या रोगात ‘वाढ’ मोजणेच अवघड आहे. किरणोपचारानंतर, तसेच प्रतिकारपेशी गाठीत शिरल्यावरही, एमआरआय चित्रात गाठ मोठी झाल्यासारखी दिसते; काही महिन्यांनी कळते की ती सूज होती. या आभासी वाढीची नीट जाण चाचणी सुरू झाल्यानंतरच्या वर्षांत आली, हे खरे आहे. म्हणून गुपित उघडण्यापूर्वीच निकष बदलण्यात आला. आयुर्मान हा मुख्य निकष धरून त्याच काळातील इतर चाचण्यांच्या तुलना-गटांतील १,३६६ रुग्णांशी तुलना करण्याचे ठरले.

निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘जामा ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. नव्याने निदान झालेल्यांत वाटपाच्या दिवसापासून मध्यक आयुर्मान लसीने १९.३ महिने, बाह्य तुलना-गटात १६.५ महिने. पाच वर्षांनी जिवंत असलेले १३.० टक्के, तुलनेत ५.७ टक्के. गाठ उलटल्यावर लस मिळालेल्या ६४ जणांचे उलटल्यापासूनचे मध्यक आयुर्मान १३.२ महिने, तुलनेत ७.८ महिने. आणि २,१५१ मात्रांत लसीशी संबंध असू शकेल अशा गंभीर घटना केवळ ५. सुरक्षिततेबद्दल त्यामुळे फारसा वाद झाला नाही.

वर्गात आलेख काढून दाखविण्याजोगी गोष्ट येथे आहे. मध्यक पाहिले तर फायदा तीन महिन्यांहूनही कमी. पण आलेखाची शेपूट पाहिली तर पाच वर्षांनंतर जिवंत असणारे दुपटीहून अधिक. बहुतेकांना थोडे किंवा काहीच नाही आणि मोजक्यांना भरपूर, अशी ही आकृती इतर प्रतिकार-उपचारांतही आढळते. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी शेपूट छापली, टीकाकारांनी मध्यक दाखविले. दोघांनीही खोटे काही सांगितले नाही.

टीका गंभीर आहे व ती समजून घेतली पाहिजे. लस टोचण्यापूर्वी या रुग्णांची शस्त्रक्रिया, रक्तातील पेशी काढणे, नंतर सहा आठवड्यांचे किरणोपचार व औषध इतके सारे पार पडले होते, आणि त्या अवधीत ज्यांची गाठ उघडपणे वाढली त्यांना मुख्य वाटपात घेतलेच नव्हते. जो धावत शर्यतीच्या अर्ध्यापर्यंत आला त्याचीच वेळ मोजली, असे काहीसे हे झाले. तुलनेसाठी घेतलेल्या चाचण्यांतही अशी गाळणी होती, असे संशोधक म्हणतात. परंतु प्रत्येक गाळणीची जाळी सारखीच बारीक होती असे खात्रीने म्हणता येत नाही. गाठ किती प्रमाणात काढता आली, वय किती, टेमोझोलोमाइडला दाद मिळणे ज्यावर अवलंबून असते तो एमजीएमटी जनुक निष्क्रिय आहे की नाही, या प्रत्येक गोष्टीने आयुर्मान काही महिन्यांनी सरकते, आणि वाद आहे तोही काही महिन्यांचाच. चिठ्ठी टाकून केलेल्या वाटपाचे मोल यातच असते की, ज्या गोष्टी मोजल्या नाहीत, किंबहुना सुचल्यासुद्धा नाहीत, त्याही दोन्ही गटांत सारख्या विभागल्या जातात. बाह्य तुलना-गट कितीही मोठा असला तरी ते काम करू शकत नाही. तेव्हा लस निरुपयोगी आहे असे या चाचणीवरून म्हणता येत नाही, आणि ती उपयोगी आहे हे सिद्ध झाले असेही म्हणता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने ब्रिटनच्या औषध नियामकाकडे मान्यतेसाठी अर्ज दाखल केला.

पेशी पोहोचतात कोठे

लसीचा परिणाम इतका मर्यादित का, यावर दरम्यान काही मूलगामी काम झाले. टोचलेल्या पेशींपैकी फारच थोड्या लसिकाग्रंथीपर्यंत पोहोचतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. लसीच्या आदल्या दिवशी त्याच जागी टिटॅनसची नेहमीची लस टोचावयाची. धनुर्वाताची ओळख बहुतेकांच्या शरीराला आधीच असते. त्यामुळे त्या जागी एकदम गडबड उडते आणि डेंड्रायटिक पेशींचा ग्रंथीकडे जाणारा ओघ वाढतो. अवघे १२ रुग्ण, त्यांपैकी सहांना टिटॅनस. त्या सहांतील तिघे दीर्घकाळ जगले. संख्या इतकी लहान आहे की तिच्यावर उपचार उभारता येत नाही, पण कल्पना सुरेख आहे.

याच विद्यापीठातून २०१८ मध्ये दुसरी गोष्ट पुढे आली. ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांच्या रक्तात टी-पेशी कमी आढळतात हे जुनेच निरीक्षण. त्या मरत नाहीत, तर अस्थिमज्जेत अडकून पडतात, असे या गटाने दाखवून दिले. कोतवालाने कितीही दवंडी पिटली तरी शिपाईच छावणीत कोंडलेले असतील तर कोण धावून येणार? त्यात मेंदूची सूज उतरविण्यासाठी द्यावे लागणारे डेक्सामेथासोन हे औषध स्वतःच प्रतिकारशक्ती दाबते. टी-पेशींना लागलेला लगाम सैल करणारे निव्होलुमॅब हे औषध इतर अनेक कर्करोगांत यशस्वी ठरले. उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमात मात्र बेव्हॅसिझुमॅबच्या तुलनेत त्याने आयुर्मान वाढविले नाही. म्हणून आता लस, लगाम सैल करणारे औषध आणि धोक्याची घंटा वाजविणारे रसायन अशी एकत्रित योजना करून पाहण्याकडे संशोधकांचा कल आहे.

भारतातील रुग्णापुढचा प्रश्न

भारतात २०१७ मध्ये एपीसीडेन या डेंड्रायटिक पेशींच्या उपचाराला मान्यता मिळाली ती पुरःस्थ ग्रंथी, अंडाशय, मोठे आतडे व फुप्फुस यांच्या कर्करोगांसाठी. मेंदूच्या गाठीचा त्यात समावेश नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य झालेला, मुंबईच्या आयआयटी व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून तयार झालेला नेक्सकार-१९ हा उपचार पुष्कळदा याच संदर्भात सांगितला जातो. तो स्वदेशी आहे आणि अभिमानास्पदही आहे, पण तो लस नव्हे. त्यात शिपायाचेच, म्हणजे टी-पेशीचेच जनुक बदलतात, आणि तो बी-पेशींच्या रक्त व लसिका कर्करोगांसाठी आहे. ‘पेशी उपचार’ या एकाच शब्दाखाली दोन्ही गोष्टी मांडल्या गेल्या की ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णाच्या घरी चुकीची आशा पोहोचते, आणि त्या आशेपायी जमीन किंवा दागिने विकले जाऊ शकतात.

घरात असा आजार निघाला की पहिली चौकशी पुष्कळदा शिकलेल्या माणसाकडे, म्हणजे शिक्षकाकडेच होते. अशा वेळी विचारावयाचे प्रश्न थोडेच आहेत. सुचविलेला उपचार चाचणीचा भाग आहे काय? असल्यास त्याची नोंद भारतीय चाचणी नोंदवहीत असली पाहिजे. १५ जून २००९ पासून ही नोंद बंधनकारक आहे आणि ती कोणालाही पाहता येते. संशोधनाच्या भागाचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे सांगतात. चाचणीही म्हणावयाचे आणि लाखोंचे देयकही द्यावयाचे, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. चाचणी नसेल तर या गाठीसाठी उपचाराला कोणाची मान्यता आहे, हे लेखी मागावे. तसेच लसीच्या नादात किरणोपचार व टेमोझोलोमाइड लांबणीवर टाकले जात नाहीत ना, हे पाहावे. डीसीव्हॅक्सच्या चाचणीतही लस या उपचारांच्या जोडीने दिली होती, त्यांच्याऐवजी नव्हे. आणि एखाद्या नोंदलेल्या चाचणीत जाण्याचा विचार असेल तर तो शस्त्रक्रियेच्या आधी शल्यविशारदाच्या कानावर घालावा; गाठीचा तुकडा एकदा फॉर्मॅलिनमध्ये गेला की मागाहून काही करता येत नाही.